वाशात भुंग्यानं घर केलंय? फवारा आणण्याआधी हे करा

होळी झाली की कोल्हापुरात जुन्या घरांच्या पडवीत, गॅलरीत, गोठ्याच्या छपराखाली एक जाड, खर्जातला गुणगुणाट सुरू होतो. काळाकुळकुळीत, अंगठ्याच्या पेराएवढा भुंगा वाशापाशी घिरट्या घालतो, मध्येच हवेत एका जागी थांबतो आणि बघता बघता वाशातच गडप होतो. दुसऱ्या दिवशी खाली फरशीवर भुश्श्याची छोटी रास पडलेली असते. शिवाजी पेठेतला वाडा असू दे, कळंब्याकडचा बंगला असू दे, नाहीतर आजऱ्याकडचं कौलारू घर. पुढं काय होतं ते ठरलेलं. कोणी केरसुणी घेऊन मागं लागतं, कोणी फवारा मारतं, कोणी भोकात रॉकेल ओततं.

यातलं काहीच करायची गरज नसते. बंदोबस्त करायचा तो लाकडाचा. लाकूड नीट राखलं, योग्य वेळ धरली आणि भुंग्याला जवळपास दुसरी जागा दिली, तर घरही शाबूत राहतं आणि परड्यातल्या वांगी-टोमॅटोला फळही जास्त धरतं. ते कसं करायचं, हे खाली क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: तो कोण आहे ते नक्की करा

मोबाईलवर शोधायला गेलं की ‘बम्बलबी’चे व्हिडिओ समोर येतात, आणि तिथंच गडबड होते. बम्बलबी ही थंड हवेतली माशी. जगात तिच्या सुमारे २५० जाती आहेत, पण भारतात ती हिमालयाच्या पट्ट्यात सापडते, आपल्याकडं नाही. उंदरानं सोडलेल्या बिळात नाहीतर गवताच्या ढिगाखाली ती राणी आणि कामकऱ्यांची वसाहत करते. शेतीला तिचा उपयोग मोठा. लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकात बी धरावं म्हणून १८८५ साली ती इंग्लंडहून न्यूझीलंडला नेऊन सोडली गेली, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपात हरितगृहातल्या टोमॅटोसाठी तिच्या पेट्या विकल्या जातात. त्यामुळं कापूस भरलेली पेटी जमिनीत पुरा वगैरे जे सल्ले त्या व्हिडिओत असतात, ते कोल्हापुरात कामाचे नाहीत.

आपल्या वाशात येतो तो सुतार भुंगा. शास्त्रीय नाव झायलोकोपा. याच्यात राणी नसते, कामकऱ्यांची फौज नसते, मधाचं पोळंही नसतं. एक मादी, एक बोगदा आणि तिची पिल्लं, एवढाच संसार. एकाच तुळईला पाच-सहा भोकं दिसली तरी ती एका सैन्याची छावणी नव्हे. शेजारी-शेजारी राहणारी ती वेगवेगळी बिऱ्हाडं असतात.

ओळखायच्या खुणा अशा. अंग जाड, पोट वरून चकचकीत आणि बिनकेसाचं. पंख गडद, उन्हात निळसर-जांभळी झाक मारणारे. काही जातींत मादीच्या छातीवर दाट पिवळी लव असते आणि नर तर पूर्ण सोनेरी-पिवळट असतो. त्यामुळं पिवळा आणि काळा असे दोन प्रकारचे किडे एकाच भोकाभोवती दिसले, तर ते एकाच जातीतले नर-मादी असू शकतात. भोक अगदी गोल, कंपासनं आखल्यागत, करंगळी आत जाईल एवढं. त्याखाली भुसा पडलेला आणि बऱ्याचदा लाकडावर किंवा भिंतीवर पिवळसर ओघळ. ती त्यांची विष्ठा.

लाकडात भोक दिसलं म्हणजे भुंगाच, असंही नाही. टाचणी ते तांदळाच्या दाण्याएवढी बारीक भोकं आणि खाली पिठासारखी मऊ पूड असेल तर तो घुण. मातीची रेघ आणि आतून पोकळ वाजणारं लाकूड असेल तर वाळवी. या दोन्ही किडी लाकूड खातात, त्यांचं प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर. भुंगा लाकूड खात नाही. जबड्यानं कोरतो आणि भुसा बाहेर टाकतो. नारळाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा आणि वळीव पडला की कडुनिंब-बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे हे कडक पाठीचे कीटक. ऊसवाल्या शेतकऱ्याला हा फरक सांगायला नको, पण शहरात हे सगळे एकाच नावाखाली मारले जातात.

राहिल्या माश्या. कागदी पोळं छताला टांगलेलं असेल तर गांधीलमाशी. भिंतीवर मातीचं घरटं असेल तर कुंभारीण, ती निरुपद्रवी. इमारतीच्या सज्जाखाली नाहीतर उंच झाडावर हातभर रुंद, उघडं, काळपट मोहोळ लटकत असेल तर ते आग्या. त्याच्या वाटेला स्वतः जायचं नाही, धूर नाही, दगड नाही. भिंतीच्या पोकळीत किंवा पेटाऱ्यात शिरलेल्या सातेरीच्या माश्या असतील तर मधपाळाला बोलवा. भुदरगड तालुक्यातलं पाटगाव ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जातं. त्या भागात सातेरी न मारता पेटीत भरणारी जाणती माणसं आहेत.

दुसरी पायरी: आठ दिवस नुसतं बघा

घाई करू नका. भोक कुठल्या लाकडाला आहे, किती आहेत, त्यातली चालू कोणती, हे कळल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नाही. प्रत्येक भोकाशेजारी खडूनं आकडा घाला आणि सकाळी ऊन अंगावर यायच्या वेळी दहा मिनिटं खुर्ची टाकून बसा. खाली जुनी चादर नाहीतर वर्तमानपत्र अंथरून ठेवा. रोज ताजा, ओलसर वासाचा भुसा पडत असेल तर बोगदा अजून कोरला जातोय. भुसा थांबला आणि मादी मागच्या पायांना पिवळे पराग माखून आत शिरतेय, याचा अर्थ आत पिल्लांची सोय चालू आहे. दोन्ही नसेल आणि तोंडावर कोळ्याचं जाळं असेल तर भोक रिकामं.

कोरण्याचा आवाजही येतो. दुपारी सामसूम झाली की वाशाला कान लावून बघा, लाकूड कुरतडल्याचा खरखराट स्पष्ट ऐकू येतो.

आत काय चाललंय हे एकदा समजलं की माणूस फवारा हातात घ्यायला कचरतो, असा माझा अनुभव आहे. घर उतरवताना काढलेला जुना वासा उभा चिरला तर सगळी मांडणी उघडी पडते. बोगदा आधी दोन-तीन सेंटिमीटर सरळ आत जातो आणि मग काटकोनात वळून लाकडाच्या रेषेबरोबर वीतभर तरी धावतो. त्यात एकामागं एक खोल्या. मादी फुलातले पराग आणि मकरंद मळून एक घट्ट पिवळा गोळा आत ठेवते, त्यावर एकच अंडं घालते, मग भुसा लाळेत कालवून पडदा बांधते आणि पुढच्या खोलीला लागते. हा पडदा हातात घेऊन बघावा असा असतो: रुपयाच्या नाण्याहून लहान चकती, एका बाजूनं किंचित खोलगट आणि तिच्यावर चकलीच्या वेढ्यांसारख्या गोल फिरत गेलेल्या रेघा. एवढं नाजूक काम अंधारात, तोंडानं केलेलं. अंडंही केवढं! कीटकांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या अंड्यांत सुतार भुंग्याच्या अंड्याची गणना होते. पण अशी अंडी एका बोगद्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. सातेरीची राणी दिवसाला शेकड्यानं अंडी घालते, त्यामुळं तिचं नुकसान भरून निघतं. भुंग्याच्या एका बोगद्यात औषध ओतलं की त्या मादीची जवळजवळ सगळी कमाई संपते.

अंड्यापासून पूर्ण भुंगा व्हायला साधारण पाच ते सात आठवडे लागतात. त्यानंतरही तरणे भुंगे काही दिवस आईबरोबर त्याच बोगद्यात राहतात. हा काळ लक्षात ठेवा, पुढच्या पायरीला लागणार आहे.

तिसरी पायरी: धोका किती, ते मोजा

आधी माणसांचं. तोंडासमोर येऊन हवेत थांबतो, डोळ्यात डोळे घालून बघतो, मागं लागतो, तो नर. त्याला नांगीच नसते. तो आपल्या हद्दीत दुसरा नर आला का बघत असतो, आणि हलणारी कुठलीही वस्तू त्याला तपासून बघावीशी वाटते. नांगी मादीला असते, पण तिला मुठीत धरलं, कपड्यात अडकली किंवा भोकात काडी खुपसली तरच ती डंख मारते. लहान मुलांना एवढंच शिकवा: भोकात बोट नाही, काडी नाही, हातवारे नाहीत.

डंख बसलाच तर जागा साबण-पाण्यानं धुवा आणि कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. भुंग्याची नांगी मधमाशीसारखी कातडीत अडकून राहत नाही, त्यामुळं काढायला काही नसतं, मात्र ती परत डंख मारू शकते म्हणून आधी तिथून बाजूला व्हा. लोखंड घासणं, चुना लावणं यात वेळ घालवू नका. अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ-चेहरा सुजला, दम लागला, चक्कर आली, तर ती ॲलर्जी आहे. १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं थेट दवाखाना गाठा. घरात कुणाला आधी माशीच्या डंखानं असा त्रास झालेला असेल, तर ये-जा करायच्या वाटेवरचं भोक राहू देऊ नका.

आता लाकडाचं. कोल्हापूरच्या जुन्या वाड्यांच्या सागवानी तुळया आणि खांब एवढे जाड असतात की एक-दोन बोगद्यांनी त्यांना काही होत नाही. खरी काळजी पातळ लाकडाची: वासे, रिपा, दाराची चौकट, झोपाळ्याची आडवी दांडी, जिन्याचा कठडा. त्यातही एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं भोकं वाढत गेली असतील तर जास्त. भुंगे जुना बोगदा सोडत नाहीत. पुढची पिढी तोच साफ करून लांबवते, फाटे काढते. आणि आपल्याकडचा पाऊस. पश्चिमेच्या बाजूचं भोक उघडं राहिलं की जून ते सप्टेंबर त्यात पाणी जातं, बुरशी धरते, लाकूड मऊ पडतं. भुंग्यानं जेवढं नुकसान केलं नसतं तेवढं पाणी करतं. २०१९ आणि २०२१च्या पुरात पंचगंगेकाठच्या ज्या घरांचं लाकूड दिवसेंदिवस पाण्यात होतं, तिथं ही तपासणी जास्त बारकाईनं करा.

तपासणी साधी आहे. लाकडी हातोडीनं वासा या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत जा. भरीव ठणका येतो तिथं ठीक, बद्द आवाज येतो तिथं थांबा आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक सहज घुसलं किंवा वासा मध्ये झोळ टाकून बसला असेल, तर तो भुंग्याचा विषयच राहिला नाही. सुतार मिस्त्रींना बोलवा आणि वासा बदला. नवं लाकूड घालताना पोखरलेला तुकडा जाळू नका. तो कुठं ठेवायचा ते पुढं सांगतो.

चौथी पायरी: ठेवायचं की बंद करायचं

भोक वाळलेल्या फांदीत, कुंपणाच्या डांबात, वेलांच्या मांडवाच्या बांबूत किंवा जाड तुळईत असेल, तर राहू द्या. मी तरी हेच सांगेन. वरून पाऊस येत असेल तर भोकावर पत्र्याची छोटी पट्टी तिरकी ठोकली की काम झालं. खाली पडणाऱ्या भुश्शाचा त्रास होत असेल तर खाली कुंडी सरकवा.

पातळ वासा, दाराची चौकट, पाळण्याची किंवा झोपाळ्याची जागा, किंवा घरात ॲलर्जीचा माणूस, अशा वेळी बंद करायचं. पण आज नाही. मार्च ते मे या काळात चालू भोक सिमेंटनं लिंपलं तर आतली मादी आणि नंतर तयार झालेले तरणे भुंगे शेजारून नवं भोक पाडून बाहेर येतात. एका भोकाची दोन होतात. ज्यांच्या घरी ‘बंद केलं तरी वाढतच चाललंय’ अशी तक्रार असते, तिथं बहुतेक हेच झालेलं असतं.

रॉकेल, पेट्रोल आणि काडेपेटी तर नकोच नको. शंभर वर्षं वाळलेल्या सागवानाच्या वाड्यात, एकमेकाला खेटून घरं असलेल्या गल्लीत भोकात पेटती काडी घालणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. कीटकनाशकाची पूड भोकात फुंकली तर तीच पूड वाऱ्यानं पडवीत, पाण्याच्या हंड्यात, पाळण्यात पडते.

पाचवी पायरी: बंद करायची रीत

मे सरत आला, भुसा थांबला, परागानं माखलेली मादी दिसेनाशी झाली, की त्या दिवसापासून दोन महिने मोजा. पावसाची झड लागणार असेल तर मधल्या काळात भोकावर वर सांगितलेली पत्र्याची पट्टी असू दे.

दोन महिन्यांनी संध्याकाळी भोकाच्या तोंडात वर्तमानपत्राचा सैल बोळा बसवा. ठासून नको. आत भुंगा असेल तर तो एक-दोन दिवसांत बोळा ढकलून किंवा फाडून बाहेर येतो. बोळा फाटला तर नवा बसवा आणि थांबा. महिनाभर बोळा जागचा हलला नाही, तर बोगदा रिकामा आहे असं समजायला हरकत नाही. दसऱ्याच्या आसपास हे काम बरोबर बसतं, पाऊस उघडलेला असतो आणि लाकूड वाळायला लागलेलं असतं.

मग बोळा काढा. जाड तार घालून आतला भुसा, जुने पडदे, काळ्या बारीक लेंड्या खरवडून बाहेर काढा. तोंडाला फडकं बांधा, ती धूळ नाकात गेली तर शिंका थांबत नाहीत. आतून चांगलं कोरडं होऊ द्या, दोन-चार उन्हं लागू द्या. बोगदा खोल असेल तर आधी लोखंडी जाळीचा चुरगाळलेला तुकडा आत सारा, म्हणजे पुढं कुणी पुन्हा कोरायला लागलं तरी तिथं अडेल. त्यावर भुसा आणि फेव्हिकॉल घट्ट कालवून भरत या. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर लाकडी खुंटीसाठी सोडा. खुंटी सागवानाचीच हवी असं नाही, पण कोरडी हवी, आणि भोकापेक्षा किंचित जाड घेऊन फेव्हिकॉल लावून ठोकून बसवायची. टिंबर मार्केटला किंवा जवळच्या सुताराकडं अशा खुंट्या करून मिळतात. वर उरलेलं टोक करवतीनं सपाट करा, पॉलिश पेपर मारा.

नुसत्या लांबीनं (पुट्टीनं) किंवा एम-सीलनं तोंड बंद करून भागत नाही. मागं पोकळी तशीच राहते आणि पुढच्या वर्षी मादीला आयतं अर्धं काम झालेलं मिळतं.

सहावी पायरी: लाकडाला अंग द्या

भुंगा वाळलेलं, उघडं, जुनं, मऊ पडलेलं लाकूड निवडतो. रंग किंवा पॉलिश असलेल्या लाकडाकडं सहसा जात नाही, कारण त्याला लाकडाचा पोत लागत नाही. म्हणून खुंटी बसवल्यावर पूर्ण वाशाला प्रायमर आणि ऑईल पेंटचे दोन हात द्या. लाकडाचा मूळ रंग हवा असेल तर जवसाचं तेल गरम करून चोळा किंवा वॉर्निश मारा. लोक दर्शनी बाजू रंगवतात आणि कौलाच्या लगतची वरची बाजू, वाशाचं कापलेलं टोक, चौकटीची मागची कड तशीच सोडतात. भुंगा नेमका तिथंच शिरतो. टोकांना तीन हात दिले तरी चालतील.

आजरा-चंदगडकडं काजूच्या टरफलांचं तेल लाकडाला लावायची जुनी रीत आहे. वाळवीसाठी ते पूर्वापार वापरतात आणि उघड्या लाकडाला ते चांगलं अंग देतं. पण ते तेल कातडी जाळतं. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोळ्यांना चष्मा असल्याशिवाय डब्याला हात लावू नका, आणि मुलांचा हात लागेल अशा कठड्याला, दाराला तर ते लावूच नका.

दर दोन-तीन वर्षांनी, पावसाळ्याआधी एक हात फिरवत राहा.

सातवी पायरी: त्याला दुसरी जागा द्या

ही पायरी लोक सोडून देतात, आणि मग पुढच्या वर्षी भुंगा वाशाचं दुसरं टोक शोधतो. त्याला लाकूड हवंच आहे. पूर्वी परड्यात वठलेला शेवगा, मोडका डांब, बांबूचं बेट असायचं. आता फरशी आणि कंपाऊंड झालं, मग उरतो तो आपला वासा.

बुरुडाकडून वाळलेला बांबू घ्या, आतली पोकळी साधारण दीड सेंटिमीटर असेल असा. थोडी कमी-जास्त चालते, दोन-तीन मापं मिसळली तर उत्तम. फूटभर लांबीचे तुकडे असे कापा की एका टोकाला पेर येईल आणि दुसरं टोक उघडं राहील. कापलेलं टोक पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा, कुसळं राहिली तर पंख फाटतात. असे दहा-बारा तुकडे उघडी तोंडं एका बाजूला ठेवून सुतळीनं किंवा तारेनं घट्ट बांधा. ही मोळी जमिनीपासून छातीच्या उंचीवर किंवा थोडी वर, पावसाची झड लागणार नाही अशा आडोशाला, तोंड पूर्वेकडं करून आडवी बसवा. सकाळचं ऊन त्यांना लागतं. मोळी झोके घेता कामा नये, टांगण्यापेक्षा भिंतीला किंवा खांबाला पक्की बांधा. बांधायच्या तारेला ग्रीस फासलं की मुंग्या चढत नाहीत.

भुंग्याच्या सगळ्या जाती बांबू घेत नाहीत. काहींना भरीव लाकूडच कोरायचं असतं. त्यांच्यासाठी शेवगा, पांगारा, सावर, आंबा अशा मऊ लाकडाचा मांडीएवढा ओंडका, साल काढून, वाळवून, बांबूशेजारी ठेवा. बदललेला पोखरका वासा हा तर सगळ्यात चांगला, कारण त्यात तयार बोगदे असतात. तो मीटरभर कापून, पाणी लागणार नाही असा, बागेच्या कोपऱ्यात उभा करा. कुठल्याही तुकड्याला रंग, पॉलिश, डांबर, औषध लावायचं नाही.

हे सगळं महाशिवरात्रीच्या आधी जागेवर हवं. त्यानंतर माद्या जागा शोधायला लागतात. पहिल्याच वर्षी येतील असं नाही. लाकूड जेवढं वाळेल तेवढं त्यांना आवडतं.

मोळीत भुंग्याऐवजी दुसरंच कुणी आलं तरी हरकत नाही. तोंड मातीनं लिंपलेलं दिसलं तर मातीकाम करणारी एकांडी माशी, पानांच्या तुकड्यांनी भरलेलं दिसलं तर पानकापी माशी. गुलाबाच्या पानांच्या कडेचे नेमके गोल तुकडे कापून नेते ती हीच, आणि त्यानं गुलाबाचं काही बिघडत नाही.

बागेत काय लावाल

वांग्याच्या फुलाकडं एकदा जवळून बघा. मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा शंकू असतो, पण पराग बाहेर दिसत नाहीत. ते आत बंद असतात आणि टोकाच्या बारीक छिद्रातून, हादरा बसला तरच गळतात. सातेरीला ही युक्ती येत नाही. भुंग्याची मादी येते, शंकूला खाली लोंबकळत पायांनी घट्ट धरते, पंख मिटून घेते आणि पंखांचेच स्नायू थरथरवते. उडतानाचा खर्ज एकदम चढतो, तीक्ष्ण होतो, क्षणभरात तिच्या पोटावर पिवळी पूड सांडते. टोमॅटोचं फूलही असंच हादऱ्यानं पराग देतं. तिथं वारासुद्धा थोडंफार काम करतो, पण भुंगा आला की फळधारणा भरीव होते. तरवड आणि आपल्या राज्याचं फूल असलेला तामण, यांचेही पराग तो असाच काढून नेतो.

म्हणून परड्यात त्याच्यासाठी फुलांची साखळी ठेवा. शेवगा आणि गिरीपुष्प उन्हाळ्याच्या तोंडाशी, मग बहावा आणि तामण, बांधावर तूर आणि ताग, कुंपणाला तरवड, मोकळ्या कोपऱ्यात आपोआप आलेली रुई उपटू नका. कृष्णकमळाच्या कुळातला पॅशन फ्रूटचा वेल कुणी लावला असेल, तर त्याच्या मोठ्या फुलाला भुंग्याएवढ्या अंगाचाच पाहुणा लागतो. लहान माशी पराग घेऊन जाते पण तिची पाठ वरच्या भागाला टेकत नाही. ज्या बागेत भुंगा नाही तिथं हातानं परागीभवन करावं लागतं.

काही लांब नळीच्या फुलांना तो बुडाशी चीर पाडून मकरंद चोरतो, हेही खरं. त्या झाडांना त्याचा उपयोग नाही, पण त्यासाठी त्याला हाकलावं असं मला वाटत नाही.

फवारणी करावीच लागली तर सूर्य मावळल्यावर करा, फुलावर आलेल्या झाडावर नको. सह्याद्रीत रात्री उडणारीही एक जात आहे. भीमाशंकरच्या अभयारण्यात तिच्यावर अभ्यास झाला आहे आणि नुसत्या चांदण्यांच्या उजेडातही तिला रंग ओळखता येतात असं दिसून आलं. त्यामुळं राधानगरी, गगनबावडा, आजरा भागात घर असेल तर रात्रभर जळणारे प्रखर दिवे फुलझाडांवर रोखून ठेवू नका.

वर्षभराची देखभाल

पावसाळ्यात बांबूची मोळी ओली होत असेल तर ती तिथून न हलवता वर पत्र्याचा तुकडा वाढवा. मोळी आडवी-उभी केली तर आतले परागाचे गोळे आणि अळ्या निसटतात. दिवाळीच्या साफसफाईत ती माळ्यावर टाकू नका. वाशाच्या भोकांसारखेच नळ्यांनाही खडूनं आकडे घातले असतील, तर कुठल्या नळीतून ये-जा होती ते माहीत असतंच. ज्या नळ्या बुरशीनं काळ्या पडल्या, चिरल्या किंवा सलग दोन वर्षं रिकाम्या राहिल्या, तेवढ्याच डिसेंबरमध्ये सोडवून काढा आणि त्यांच्या जागी नव्या घाला. बाकीच्या आहेत तशा, त्याच तोंडानं, त्याच जागी राहू द्या. माद्या जिथं जन्मल्या त्याच नळीकडं परत येतात. वाशाच्या खुंट्याही त्याच महिन्यात बोटानं दाबून बघा. एखादी सैल झाली असेल तर काढून, फेव्हिकॉल लावून, महाशिवरात्रीच्या आत पुन्हा ठोकून घ्या.